फ्रँक स्पेन्सर ते फँटम: मायकेल क्रॉफर्ड यांची कारकीर्द समजून घेताना

डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरने ज्यांचा गौरव केला, त्या यादीत सिल्व्हेस्टर स्टॅलोन, ग्लोरिया गेनर, जॉर्ज स्ट्रेट आणि 'किस' हा रॉक बँड होता. पाचवं नाव होतं ब्रिटिश गायक-नट मायकेल क्रॉफर्ड. स्टॅलोन कोण हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. क्रॉफर्ड यांच्या नावापाशी मात्र बरेच वाचक अडखळले असणार.

खरं तर त्यांचा आवाज तुम्ही बहुधा ऐकलेला आहे. 'वॉल-ई' हा २००८ चा ॲनिमेशनपट मुलांबरोबर पाहिला असेल तर आठवून पाहा. सुरुवातीलाच अंतराळाच्या दृश्यावर एक जुनं आनंदी गाणं सुरू होतं. पुढे कचऱ्याच्या ढिगात एकटा राहणारा रोबो एक जुनी व्हिडिओ टेप पुन्हा पुन्हा लावतो. ती टेप १९६९ च्या 'हॅलो, डॉली!' या चित्रपटाची आणि त्यात प्रेमगीत गाणारा काटकुळा तरुण म्हणजे क्रॉफर्ड.

गोंधळ होतो तो यापुढे. ब्रिटनमधल्या साठीच्या माणसाला त्यांच्याबद्दल विचारलं तर तो लगेच हसायला लागतो, कारण त्याच्या लेखी ते टीव्हीवरचे धांदरट फ्रँक स्पेन्सर. अमेरिकेतल्या रसिकाला त्यांचं नाव घेताच पांढरा अर्धमुखवटा आठवतो, कारण 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या म्युझिकलमधला, ऑपेरागृहाखालच्या भुयारात मुखवटा घालून राहणारा पहिला फँटम त्यांनी उभा केला. ज्यांनी लंडनमध्ये १९८१ ते १९८६ च्या दरम्यान नाटकं पाहिली, त्यांना ते तारेवरून चालताना आठवतात. एका माणसाच्या कारकिर्दीत हे सगळं बसतं कसं, हे समजायचं तर आधी तिथल्या रंगभूमीचं काम कसं चालतं ते पाहावं लागेल.

म्युझिकल म्हणजे नेमकं काय?

ऑपेरात जवळजवळ सगळं गाऊनच सांगितलं जातं. गायक मायक्रोफोनशिवाय गातो आणि आवाजाला पहिला मान असतो. म्युझिकल हा त्याहून मोकळा प्रकार. त्यात गद्य संवाद, गाणं आणि नाच या तिन्हींनी गोष्ट पुढे सरकते आणि तिन्ही गोष्टी एकाच नटाला करायच्या असतात. गाणारा वेगळा, दिसणारा वेगळा, अशी सोय तिथे नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संगीत रंगभूमीने गायक-नट हा शब्द आणि ती जात आपल्याला केव्हाच दिली आहे. फरक आहे तो मोकळिकीचा. संगीत नाटकातला गायक पद फुलवू शकतो, तान वाढवू शकतो, 'वन्समोअर' आला की पुन्हा गाऊ शकतो. म्युझिकलमध्ये प्रत्येक मात्रा वाद्यवृंदाच्या संचालकाशी बांधलेली असते. प्रकाशयोजनेतला बदल, सरकणारा सेट, धुराचा झोत हे सगळं संगीतातल्या ठरलेल्या जागेवर सुटतं. नट दोन मात्रा जास्त थांबला, तर अंधारात सरकणारा सेट त्याच्या अंगावर येऊ शकतो. भावना ओतायची ती या चौकटीत राहून.

दुसरा फरक प्रयोगांच्या रचनेचा. आपल्याकडे नाटक आज शिवाजी मंदिरात, उद्या गडकरी रंगायतनमध्ये, परवा पुण्याला असं फिरतं. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक एकाच नाट्यगृहात मुक्काम ठोकतं आणि प्रेक्षक येत राहिले तर वर्षानुवर्षं तिथेच राहतं. सेट रोज काढायचा नसल्यामुळे तो जमिनीखाली, छतावर, भिंतीत हवा तेवढा खोल बसवता येतो. 'फँटम'मधलं कोसळणारं झुंबर आणि तळ्यातून वर येणाऱ्या मेणबत्त्या यामुळेच शक्य झाल्या.

आठवड्याला आठ प्रयोग

ठरलेला रिवाज असा: सहा दिवस काम, त्यांतले दोन दिवस दुपारी आणि रात्री असे दोन-दोन प्रयोग. म्हणजे आठवड्याला आठ. वेगवान गोलंदाजाची षटकं जशी मोजून वापरली जातात, तसा इथे गळा वापरावा लागतो. पहिल्याच प्रयोगात सगळा जोर लावला तर शनिवारच्या रात्रीपर्यंत आवाज उरत नाही.

घोळ होतो तो साधारण असा. वरचे स्वर गाताना नट छातीचा आवाज जोर लावून वर ढकलतो. एकदोन दिवस ते छान वाटतं. मग स्वरतंतूंना सूज येते आणि तरीही गात राहिलं तर त्यांवर गाठी धरू शकतात. त्यात वातानुकूलित हवेने घसा सुकतो, जाड पोशाखाने घाम जातो आणि शरीरातलं पाणी कमी झालं की तंतूंवरचा ओलावा कमी होतो. म्हणून मुरलेले नट दिवसभर पाणी पितात, वाफ घेतात आणि नाटक संपल्यावर गोंगाटात मोठ्याने बोलायचं टाळतात. प्रत्येक मोठ्या भूमिकेला बदली नट तयार ठेवलेला असतो. 'फँटम'मधली नायिका क्रिस्टीनची भूमिका तर गळ्यावर एवढा ताण देते, की आठवड्यातले काही प्रयोग दुसरी गायिका करते, असं करारातच ठरलेलं असतं.

क्रॉफर्ड यांनी लंडन, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस मिळून फँटमचे १,३०० हून अधिक प्रयोग केले. तो आकडा या हिशेबाने वाचावा.

हा गळा कुठून आला?

'विनोदी नट होता, योगायोगाने गायला लागला' असं त्यांच्याबद्दल सर्रास सांगतात. ते अर्धवट आहे. १९४२ साली सॉल्सबरी इथे जन्मलेले क्रॉफर्ड लहानपणी कोवळ्या, उंच आवाजाचे बालगायक होते. बेंजामिन ब्रिटन या मोठ्या संगीतकाराच्या 'नोईज फ्लड' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात, १९५८ मध्ये, बायबलमधल्या नोहाच्या तीन मुलांपैकी एकाची भूमिका त्यांनी केली होती. बेंजामिन ब्रिटन यांचं संगीत गायलेल्या मुलाला सूर धरणं, मात्रा मोजणं आणि शब्द स्वच्छ टाकणं वयाच्या सोळाव्या वर्षीच ठाऊक होतं.

नंतर गाणं मागे पडलं. १९६५ च्या 'द नॅक'पासून सिनेमे मिळत गेले. त्यांत 'हॅलो, डॉली!' हा संगीतमय. पण तिथलं गाणं वेगळ्या पद्धतीचं. हॉलिवूडच्या त्या काळच्या संगीतपटांत नट आधी स्टुडिओत गाणं मुद्रित करायचा आणि चित्रीकरणाच्या वेळी त्यावर ओठ हलवायचा. आपल्या पार्श्वगायनाशी पद्धत जुळते, फक्त तिथे बहुतेकदा गळा नटाचाच. स्टुडिओत एक ओळ दहा वेळा गाता येते. त्या गाण्यात क्रॉफर्ड यांचा आवाज गोड आहे, पण पातळ. एवढ्या भांडवलावर आठवड्याला आठ प्रयोग निभावले नसते.

ते भांडवल त्यांनी पुढे कमावलं. १९७४ साली ड्रुरी लेन नाट्यगृहात 'बिली' हे म्युझिकल आलं आणि मुख्य भूमिकेत गाणं-नाचणं दोन्ही आलं. त्याचे ९०० हून अधिक प्रयोग झाले. लंडनमधले गायनशिक्षक इयन ॲडम यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षं तालीम घेतली. अशा तालमीचं मुख्य काम एकच असतं: छातीचा भरदार आवाज आणि वरचा हलका, डोक्यात घुमणारा आवाज यांच्यामधला सांधा मिटवणं. न शिकलेल्या गळ्यात तो सांधा फटकन ऐकू येतो. स्वर चढताना एका जागी आवाज तुटतो किंवा 'खोटा' होतो. सांधा मिटला की खालून वर जाताना ऐकणाऱ्याला पायरी जाणवत नाही.

याच शिक्षकांकडे सारा ब्राइटमन शिकत होत्या. त्या तेव्हा संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या पत्नी होत्या आणि 'फँटम'ची नायिका त्याच होणार होत्या. त्यांच्या आधीच्या वेळेत क्रॉफर्ड यांचं गाणं चालू असताना ते कानावर पडलं आणि तिथून भूमिकेची गोष्ट निघाली, असं सांगितलं जातं. याला योगायोग म्हणता येईल, पण शिकवणीला तो माणूस अनेक वर्षं जातच होता.

धडपडणारा फ्रँक इथे कामाला कसा आला?

'सम मदर्स डू 'ॲव्ह 'एम' ही बीबीसीची मालिका १९७३ ते १९७८ दरम्यान आली. डोक्यावर बेरे टोपी, अंगात रेनकोट, मनाने निर्मळ आणि हात लावील तिथे मोडतोड करणारा फ्रँक स्पेन्सर. त्यातले धोक्याचे प्रसंग क्रॉफर्ड स्वतः करत. रोलर स्केट्सवर रस्त्यावर सुटून मोठ्या ट्रकच्या खालून आरपार निघणं, कड्याच्या टोकावर अडकलेल्या मॉरिस मायनर गाडीला लोंबकळणं, ही कामं त्यांनी बदली माणसाशिवाय केली.

पडणं विनोदी दिसायचं तर ते अचूक लागतं. पाय कधी घसरणार हे नटाला माहीत असतं, पण खांद्याला आणि मानेला ते माहीत असल्याचं दिसलं तर हसू येत नाही. शरीराचा प्रत्येक भाग वेगळा आवरता यावा लागतो आणि क्षण सेकंदाच्या अंशाने चुकला तरी गंमत जाते. हे कौशल्य विनोदापुरतं मर्यादित नसतं. चेहरा झाकून अभिनय करायचा असेल तर नेमकं हेच हवं.

त्यानंतरचं शिक्षण सर्कशीचं. 'बार्नम' हे अमेरिकी सर्कसवाल्या बार्नमवरचं म्युझिकल १९८१ मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये आलं. त्यासाठी क्रॉफर्ड न्यूयॉर्कला जाऊन बिग ॲपल सर्कशीच्या शाळेत शिकले. चेंडू झेलणं, ट्रॅम्पोलिन, उंचावरून दोरावरून घसरत मंचावर येणं आणि सगळ्यांत अवघड म्हणजे तारेवरून चालणं. तारेवर डोळे पायाकडे न्यायचे नसतात, पलीकडच्या एका बिंदूवर ठेवायचे असतात. तळव्याने तार चाचपत पुढे जायचं. छातीत श्वास कोंडला की खांदे वर जातात, अंगाचा तोल वर सरकतो आणि माणूस डुलतो. म्हणून श्वास खाली, पोटात ठेवायचा. गायकाला हे दुसऱ्या वाटेने आधीच शिकवलेलं असतं. या भूमिकेसाठी त्यांना ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. लंडनच्या रंगभूमीवरचा हा सर्वांत मानाचा पुरस्कार.

मुखवट्याआड

९ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये 'फँटम'चा अधिकृत पहिला प्रयोग झाला. 'फ्रँक स्पेन्सर आता भीतिदायक प्रियकर होणार?' अशी शंका तेव्हा ब्रिटनमध्ये बऱ्याच जणांना होती आणि ती स्वाभाविकच होती.

भूमिकेची मांडणी पाहिली तर निवड किती नेमकी होती ते कळतं. फँटम बराच वेळ दिसतच नाही, आधी नुसता आवाज येतो. नाटक सुमारे अडीच तासांचं असलं तरी त्याचा मंचावरचा वेळ त्या मानाने फारच थोडा. तेवढ्यात भीती, मोह आणि कीव तिन्ही उभ्या राहायला हव्यात.

मुखवटा आधी पूर्ण चेहऱ्याचा ठरला होता. पूर्ण मुखवट्यात आवाज कोंडतो, बाजूचं दिसत नाही आणि भाव पोचत नाहीत. म्हणून वेशभूषा आणि नेपथ्य करणाऱ्या मारिया ब्यॉर्नसन यांच्या रचनेत तो अर्धा झाला आणि ओठ मोकळे राहिले. जाहिरातीत मात्र पूर्ण मुखवटाच राहिला. मुखवट्याखालचा विद्रूप चेहरा 'द एलिफंट मॅन' या चित्रपटाची रंगभूषा करणाऱ्या क्रिस्टोफर टकर यांनी घडवला. मऊ रबरी तुकडे कातडीला चिकटवून तो चढवायला दोन तासांहून जास्त लागायचे. त्यावर दोन विग, त्यांत दडवलेले दोन रेडिओ मायक्रोफोन आणि डोळ्यांत लेन्स, ज्यामुळे समोरचं नीट दिसत नाही. अशा अवस्थेत पहिल्या अंकाच्या शेवटी नट मंचाच्या कमानीवर, प्रेक्षकांच्या डोक्यांहून उंच अशा सोनेरी पुतळ्याच्या आत असतो. तारेवर चालून आलेल्या माणसाला त्या उंचीचं भय उरलेलं नसणार.

'द म्युझिक ऑफ द नाइट' हे गाणं जवळपास दोन सप्तकांचं आहे. खाली मंद्रात पुटपुटल्यासारखं सुरू होतं, मध्ये तारस्वरापर्यंत खुलतं आणि शेवटी वरचा स्वर अगदी हळुवार, लांब धरायचा असतो. मोठ्याने वर जाणं त्या मानाने सोपं. वर जाऊन आवाज बारीक करणं आणि तो थरथरू न देणं, यात इयन ॲडम यांच्याकडच्या तालमीचं चीज झालं. चेहरा अर्धा झाकलेला, नजर अधू, त्यामुळे क्रॉफर्ड यांनी सगळा अभिनय हातांत आणला. बोटं हवेत एखादी वस्तू चाचपत असल्यासारखी संथ फिरतात. नंतरच्या कितीतरी फँटमांनी ते हात उचलले.

या भूमिकेने १९८६ चा ऑलिव्हिए आणि १९८८ चा टोनी, म्हणजे ब्रॉडवेवरचा सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळवून दिला. मूळ संचाचं ध्वनिमुद्रण १९८७ साली ब्रिटनच्या अल्बम यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं. ब्रॉडवेवरचा मुक्काम १६ एप्रिल २०२३ ला, १३,९८१ प्रयोगांनंतर थांबला. मार्च २०२५ मध्ये हे नाटक मुंबईत, बीकेसीतल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये आलं, तेव्हा मराठी प्रेक्षकांनी जी भूमिका पाहिली तिचा साचा इथे घडलेला आहे.

मायक्रोफोन असतो, मग कसली मेहनत?

हा आक्षेप हमखास येतो. मायक्रोफोन आवाज मोठा करतो, सूर लावून देत नाही. उलट धाप, घशातली खरखर, अर्धवट गिळलेला शब्द हे सगळं तो मोठं करून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. घाम आत गेला की आवाज बुडबुडल्यासारखा येतो, म्हणून दुसरा तयार ठेवलेला असतो.

ध्वनिमुद्रित भाग अजिबात वापरत नाहीत, असंही नाही. 'फँटम'च्या शीर्षकगीतात नायक-नायिका उतरत्या पुलांवरून भुयारात जाताना दिसतात. काही क्षण मंचावर त्यांच्यासारखे दिसणारे दुसरे कलाकार असतात, खरे नट पाठीमागून पुढच्या जागी धावत असतात. म्हणून त्या गाण्याचा काही भाग आधी मुद्रित केलेला वाजतो. बाकीचं नाटक जिवंत गळ्यावर चालतं.

एवढा गाजला, तर सिनेमात दुसराच का?

२००४ च्या 'फँटम' चित्रपटात जेरार्ड बटलर होते. मूळ बेत वेगळा होता. १९९० च्या सुमारास क्रॉफर्ड आणि ब्राइटमन यांनाच घेऊन चित्रपट करायचं ठरत होतं. लॉइड वेबर आणि ब्राइटमन यांचा घटस्फोट झाला आणि काम लांबलं. पुन्हा हातात घेतलं तेव्हा क्रॉफर्ड साठी ओलांडून गेले होते. रंगमंचावर पंचेचाळिशीचा नट दुरून विशीचाही वाटू शकतो. कॅमेरा जवळ जातो, तिथे वय लपत नाही.

त्याआधीचं कारण जास्त खोल आहे. 'हॅलो, डॉली!' वर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले आणि ते लगेच वसूल झाले नाहीत. 'डॉक्टर डूलिटल' आणि 'स्टार!' या त्याच स्टुडिओच्या संगीतपटांनीही तोटा दिला. हॉलिवूडने असे चित्रपट काढणं जवळजवळ थांबवलं. गाणाऱ्या नटाला सिनेमात जागाच उरली नाही, तेव्हा रंगभूमी आणि टीव्ही हीच वाट राहिली. त्यांची कारकीर्द 'सिनेमात फसली' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

न चाललेली कामं आणि अंगावर निघालेली किंमत

१९७९ चं 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' महिनाभरही टिकलं नाही. २००२ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं 'डान्स ऑफ द व्हॅम्पायर्स' ५६ प्रयोगांत बंद पडलं. म्युझिकलच्या धंद्यात हे नेहमीचं आहे, कारण साप्ताहिक खर्चच एवढा असतो की रिकाम्या खुर्च्या फार आठवडे सोसत नाहीत.

शरीराचा हिशेब अधिक कठोर निघाला. १९९५ मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये 'ईएफएक्स' हा अवाढव्य कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षागृहाच्या मागून तारेवरून घसरत मंचावर येण्याच्या प्रसंगात त्यांना दुखापत झाली, कार्यक्रम सोडावा लागला आणि खुब्याचा सांधा लवकर बदलावा लागला. २००४ च्या 'द वुमन इन व्हाइट'मध्ये ते लठ्ठ काउंट फॉस्को झाले. हातावरून जिवंत उंदीर फिरवत गायचं ते गाणं प्रेक्षकांना फार आवडायचं. पण जाड भरलेल्या पोशाखात अंगातलं पाणी इतकं जायचं की तीनच महिन्यांत त्यांना थांबावं लागलं. पुढे दीर्घ थकव्याच्या आजाराचं निदान झालं आणि कित्येक वर्षं काम बंद राहिलं. न्यूझीलंडमध्ये राहून ते सावरले. २०११ मध्ये पॅलेडियमला 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधून परतले आणि २०१६ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, 'द गो-बिटवीन' या फक्त एका पियानोवर चालणाऱ्या म्युझिकलमध्ये गायले. त्या वयात कमी वाद्यांची साथ म्हणजे सवलत नसते. वाद्यवृंद मागे असला तर चूक झाकली जाते, एकट्या पियानोबरोबर प्रत्येक श्वास ऐकू येतो.

ऐकायचं-पाहायचं कुठून?

क्रम लावून पाहिलं तर फरक कानाला कळतो. आधी 'हॅलो, डॉली!'मधलं 'इट ओन्ली टेक्स अ मोमेंट' ऐका. मग फ्रँक स्पेन्सरचा रोलर स्केट्सचा प्रसंग आवाज बंद करून पाहा आणि फक्त खांदे आणि गुडघे न्याहाळा. 'बार्नम'चं १९८६ चं बीबीसी चित्रण मिळालं तर तारेवरचा भाग चुकवू नका. शेवटी १९८७ चं 'फँटम'चं मूळ ध्वनिमुद्रण, हेडफोन लावून. 'द म्युझिक ऑफ द नाइट'मध्ये खालून वर चढताना सांधा ऐकू येतो का ते शोधा, आणि शेवटचा लांब स्वर किती वेळ तसाच्या तसा राहतो ते घड्याळ लावून पाहा.